आखूड पायाचा आर

मित्रांनो, मी न्यूयॉर्कमधलं एक जुनं भिंग आहे. पितळी कड्यातलं, काठाला टवका उडालेलं. मॉर्टी झेलनिकच्या जुन्या मासिकांच्या दुकानात माझं आयुष्य गेलं. मुखपृष्ठावरचं मासिकाचं नाव कोणत्या टाइपात छापलंय, हे मॉर्टी माझ्यातून बघून सांगायचा. मेहनत माझी, कौतुक त्याच्या खात्यात. पुढे कौतुक इतकं साठलं, की तो मला खिशातून काढीचना.

एकदा कॉनी बेलुची ‘टेरेस’ मासिकाचा १९५४चा अंक घेऊन आली. “बाबा म्हणतात, हे नाव त्यांनी हाताने काढलंय. ग्रंथालयाच्या प्रदर्शनात ठेवणार आहेत. तुम्ही हो म्हणालात, तर खाली बाबांचं नाव लागेल.”

मॉर्टीने सँडविच चावत नुसती नजर टाकली. “बोडोनी! शिशाचा तयार टाइप. अगं, म्हातारे लेकीपुढे जरा फुगवूनच सांगतात.”

“आणि मी सगळीकडे सांगत सुटले!” कॉनी लाल झाली. अंक तिथेच टाकून गेली.

आठवड्याने अंक मांडणीत लावताना मॉर्टीने सहज मला त्यावर धरलं. ‘टेरेस’च्या इंग्रजी नावात दोन आर (R) शेजारीशेजारी. साच्यातली अक्षरं जुळी असतात. इथे पहिल्याचा पाय आखूड होता. मॉर्टीने कपाळावर हात मारून घेतला. “मॉर्टी, गाढवा!”

मित्रांनो, कॉनी आली त्या दिवशी मी त्याच्या खिशातच होतो. मला तोंड नाही, हे खरं. तरी मन खातंच.

मॉर्टी अंक आणि मला घेऊन ब्रुकलिनला कॉनीच्या घरी गेला. तिचा बाप आल्डो बेलुची भिंतीकडे तोंड करून पडला होता.

“या पंडित! काय म्हणते तुमची बोडोनी?”

“चुकलो, मिस्टर बेलुची. ग्रंथालयाला कळवलंय. तुमचं नाव लागेल.”

“नावाचं काय घेऊन बसलास? माझ्या पोरीने मला खोटारडा म्हटलं. तुझ्या भरवशावर!”

मॉर्टीने मला पुढे केलं. म्हाताऱ्याने हात झटकला. “मला आता दिसत नाही. तिला दे.”

कॉनी बराच वेळ वाकून बघत राहिली. “बाबा, पहिल्याचा पाय...”

“लांब ठेवला असता तर शेजाऱ्याला ठेच लागली असती,” आल्डो म्हणाला. कूस मात्र बदलली नाही.

मित्रांनो, मला पुसा, पेटीत जपून ठेवा. पण कुणाच्या हातचं काम तयार माल ठरवण्याआधी मला एकदा बाहेर काढा. माझ्यावरचा डाग फडक्याने जातो. म्हाताऱ्याचा तो आठवडा कशाने पुसणार?