एका अक्षरासाठी

मी एक जुना हात आहे. दचकू नका, मित्रांनो! मला खांदा नाही की कोपर नाही. चांदीची वीतभर काडी, तिच्या टोकाला इवलीशी मूठ आणि मुठीतून पुढे आलेलं एक बोट, एवढाच माझा संसार. लोक बोट दाखवतात ते दुसऱ्याच्या चुकीकडे. मी आयुष्यभर फक्त अक्षरांकडे दाखवलं, याचा मला थोडा गर्वच आहे.

एका सोनाराने मला घडवलं आणि मी ज्यू लोकांच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या घरात आलो. तिथे कपाटात तोराह असते. तोराह म्हणजे त्यांचा पवित्र ग्रंथ, कातड्यावर हाताने लिहिलेली लांबच लांब गुंडाळी. तिला बोट लावायचं नाही, म्हणून वाचणारा मला ओळींवरून फिरवतो. घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा दर शनिवारी, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, वाचायचे. त्यांचा हात इतका स्थिर, की मला कधी हिसका म्हणून बसला नाही. बाकं भरलेली असायची. वाचन संपलं की बायका माझी लखलखती चांदी एकमेकींना दाखवायच्या आणि मी फुगून जायचो.

मग बाकं ओस पडत गेली. कुणी कामासाठी लांब गेलं, कुणाला शनिवारी दुकान सोडवेना. तोराह वाचायला निदान दहा माणसं लागतात, तीच जमेनात. मी एका खणात पडून राहिलो, काळाठिक्कर झालो. फार वाईट वाटायचं.

आजोबांची नजर अधू होऊ लागली, तेव्हा ते घरोघर फिरले. "डोळे आहेत तोवर एकदा वाचू द्या रे," एवढंच म्हणायचे. संकोचाने का होईना, माणसं जमली. मी ओळींवरून चालू लागलो आणि मध्येच आजोबांचा हात थांबला. एका अक्षराचा पाय झिजला होता. पाय आखूड झाला तर ते दुसरंच अक्षर ठरतं, आणि एक अक्षर जरी बिघडलं तरी त्या तोराहमधून वाचता येत नाही. अशा वेळी मोठ्यांचं मत चालत नाही. मोठ्यांना पुढचं पाठ असतं, त्यांना हवं तेच दिसतं. म्हणून अक्षरओळख झालेल्या एखाद्या लहान मुलाला विचारायचं, अशी त्यांची जुनी रीत.

जमलेल्यांत एक शिंपी होता, त्याची मुलगीही तिथे होती. तिचं तोंड क्षणभर बंद नसे, म्हणून सगळे तिला टकळी म्हणत.

"हिला विचारा की," कुणीतरी म्हणालं.

"हिला कुठलं येतंय?" शिंपी मान खाली घालून म्हणाला. "मलाच येत नाही."

तिथे अक्षर ओळखणारं एकही मूल नव्हतं. आजोबांनी गुंडाळी मिटली. मला वाटलं, संपलं सगळं.

पण पुढच्या शनिवारी आजोबा मला आणि अक्षरांचा एक तक्ता घेऊन बसले. टकळी आली, तिच्यामागून आणखी मुलं आली. शिंपीही आला आणि मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला. "बाबा, चुकलात!" असं टकळी सारखी ओरडे. मुलांना सोडायला आलेले आईबाप आधी दारात थांबायचे. मग ते कधी आत येऊन बाकांवर टेकले, ते त्यांनाही कळलं नाही.

मुलांची अक्षरं पक्की झाल्यावर तोराह पुन्हा उघडली. मी त्या अक्षराशी थांबलो. कुणी काही सुचवलं नाही. टकळीने नाक गुंडाळीजवळ नेऊन अक्षर वरून खाली नीट न्याहाळलं. शेवटी तिने अक्षराचं नाव सांगितलं. चुकीचं.

सगळे हळहळले. "अहो, पोर आहे, गडबडली," एक काका म्हणाले. "तुम्ही वाचा. कोण बघतंय?" प्रार्थनेच्या घरात बसून हा प्रश्न!

आजोबांना किती वाचायचं होतं, ते माझ्याएवढं कुणाला ठाऊक? मी अजून त्यांच्या मुठीत, त्याच ओळीवर होतो. तरी ते म्हणाले, "ती नाही चुकली. तिला दिसलं तेच ती बोलली. अक्षर झिजलंय, आणि ते झिजू दिलं आपण."

त्यांनी तोराह मिटली.

मग तोराह लिहिणारे लेखनिक लांबून आले. त्यांनी बोरू शाईत बुडवून एक रेघ ओढली. ती एवढीशी रेघ बघायला अख्खी वस्ती लोटली होती, कधी न फिरकणारेसुद्धा. "आता सांग," लेखनिक म्हणाले. टकळीने झटकन बरोबर सांगितलं आणि पुढची ओळही वाचायला घेतली. तिला थांबवावं लागलं.

शनिवार उजाडला, पण आजोबांना आता ओळी दिसत नव्हत्या. सगळं पाठ होतं, पण पाठ म्हणून चालत नाही, बघूनच वाचावं लागतं. त्यांनी मला शिंप्याच्या हातात दिलं. सुई लीलया धरणारी ती बोटं घामेजली होती. "हं, वाच," आजोबा म्हणाले. शिंपी अडखळत वाचत गेला आणि आजोबा डोळे मिटून ऐकत राहिले. ते अक्षर आलं, तेव्हा त्यांनी हळूच मान डोलावली. मला रडू आलं असतं, पण हाताला डोळे कुठले!

मित्रांनो, आता मला कुणी मुद्दाम घासत नाही, तरी मी चकाकतो. चांदी हातात फिरती राहिली की काळी पडत नाही. तुमच्या घरीही आजोबांची एखादी जुनी वस्तू असेल. तिला नुसती पुसून कपाटात ठेवू नका. ती कशी वापरायची ते त्यांना विचारा, त्यांना डोळे आहेत तोवर.