लेसिएली मला विचारायची तेव्हा

मी लेसिएलीचा फोन बोलतोय. फार वेळ बोलता येणार नाही. बॅटरी भराभर उतरते.

जन्म कारखान्यातला, पण माझं आयुष्य गेलं पॅसिफिक महासागरातल्या टोंगा देशाच्या वावाऊ बेटावर. लेसिएलीच्या ऑकलंडच्या लेकीने मला जुन्या कपड्यांच्या पिंपात घालून आईकडे पाठवलं. लेसिएली चटया विणते. तिचा नवरा माका होडी चालवायचा, रविवारी चर्चमध्ये खर्जात गायचा. सुरुवातीला माझ्यावर नातवंडांचे चेहरे यायचे. मग माकाला मधुमेह निघाला, आणि माझ्यामागे प्रश्नांचा ससेमिरा लागला.

माणसं एकमेकांना जे विचारत नाहीत, ते मला विचारतात. मी एकेका प्रश्नाला शेकडो उत्तरं देतो. त्यातलं खरं-खोटं निवडणं मला येत नाही. फार दमायला होतं.

एकदा माझ्यात लिहून आलं, की मधुमेहाच्या गोळ्यांनी किडनी जाते. लेसिएली घाबरली. मला घेऊन दवाखान्यात गेली. बाहेरची बाकं भरलेली, डॉक्टर फिफिता घाईत. तिने मला पुढे केलं मात्र, ते म्हणाले, "अरे वा! मग औषधही यालाच माग की!"

दाराशी बसलेले लोक हसले. लेसिएलीही कसंनुसं हसली. घरी आली आणि तिने माकाच्या गोळ्या बंद केल्या.

"सुटलो बाबा," माका म्हणाला.

पुढे होडीतून उतरताना त्याच्या पायाला शिंपला लागला. जखम भरेना. लेसिएली नोनीच्या झाडाची औषधी पानं बांधायची आणि पुन्हा मलाच विचारायची. पावलाला वास येऊ लागला, तेव्हा नणंद मालियाने दोघांना दटावून दवाखान्यात नेलं.

"गोळ्या चालू आहेत ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच घेत नव्हतो," माका चटकन म्हणाला. "हिचा काही संबंध नाही."

"खोटं बोलतोय तो. मी बंद केल्या. तुम्हाला विचारायला आले होते, डॉक्टर. तुम्ही चेष्टा केलीत."

डॉक्टर खुर्ची तिच्याजवळ ओढून म्हणाले, "दाखव बघू, काय वाचलंस."

त्यांनी मला शेवटपर्यंत वाचलं. "या गोळीने किडनी बिघडत नाही, वाढलेल्या साखरेने बिघडते. किडनी आधीच कमजोर असेल तर आम्ही गोळी कमी करतो. त्या दिवशी एवढंच सांगायचं होतं मला." मला तिच्या हातात परत देत म्हणाले, "चुकलं माझं."

माकाची दोन बोटं गेली. पाऊल वाचलं. होडी त्याने पुतण्याला दिली. गातो अजून, पण बसून.

आज जेवणानंतर मालिया आली. छातीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "वहिनी, इथे गाठ लागतेय गं. तुझ्या फोनमध्ये बघ ना, काय असेल ते."

लेसिएलीने मला उचललं. क्षणभर हातात धरलं. मग चटईवर पालथं ठेवलं.

"चप्पल घाल."

"अगं, पण डॉक्टर हसले तर?"

"हसू देत. मी आहे ना तिथे."

दोघी गेल्या. बाबांनो, मला विचारा, मी नाही म्हणत नाही. पण माझ्यापाशीच थांबू नका. मला हे एकट्याला पेलवत नाही.

ऊन कलायला आलंय. त्या अजून परतलेल्या नाहीत.