उजव्या हाताची नखे

त्या दोघी जावांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य साऱ्या रस्त्याला ठाऊक होते, आणि तरीही दर तीन आठवड्यांनी त्या एकमेकींचा हात हातात घेऊन तासभर बसत. त्यात माया शोधायला जाण्यात अर्थ नव्हता. नखांवर बिल्डर जेलचा कडक थर चढवणाऱ्या बाईला स्वतःचा एकच हात नीट करता येतो. डाव्या हाताची नखे धाकटी आपली आपण करी. उजव्याची करायला मात्र डावा हात अगदीच अडाणी. दुकानात तिसरे कोणी नव्हते. म्हणून धाकटीचा उजवा थोरलीच्या स्वाधीन, आणि थोरलीचा धाकटीच्या. आलेल्या बायका आधी कारागिराची बोटे पाहतात, मग खुर्चीत बसतात. तेव्हा भांडण कितीही तापलेले असो, हात द्यावाच लागे.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मध्ये दोन टेबले, जेल कडक करणारे दोन लॅम्प, आणि नखांची भुकटी ओढून घेणारा एक पंखा. त्याच्या घरघरीत दोघींचे न बोलणे झाकले जाई. दुकान थोरलीने उभे केले होते आणि ते तिने कोणाला विसरू दिले नाही. नाकावर माशी बसू न देणारी बाई. ग्राहकाच्या देखत ती धाकटीच्या हातातली नखे घासायची फाइल काढून घेई, एका नखावर दोनदा फिरवी आणि परत ठेवी, बोलत काही नसे. धाकटीला बोलणे परवडले असते. दिवसभर दुकानात तेच, आणि मधले दार उघडून आत गेले की स्वयंपाकघरातही तेच. तिखटाच्या डब्यापासून ओट्याच्या फडक्यापर्यंत प्रत्येक वस्तूची जागा थोरलीने ठरवलेली. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. इथे राहत होत्या, आणि एकमेकींवर घासून दोघींची धार रोज थोडी वाढत होती.

अशा वेळी चौकाजवळच्या नव्या पार्लरमध्ये एक जागा रिकामी असल्याचे धाकटीला कळले. कळले तेव्हा तिच्या छातीत काहीतरी हलले; कितीतरी दिवस बंद असलेल्या खिडकीची कडी कोणी नुसती चाचपून पाहावी, तसे. तिने चोरून फोन केला. तिथली मालकीण मोजके बोलणारी होती. तिची अट एकच: येताना दोन्ही हातांवरचे जेल पूर्ण काढून यायचे. वरची चकाकी एका दिवसात कोणीही आणते, ती म्हणाली. महिनोन्‌महिने जेल वापरूनही खालचे नख धडधाकट राहिले असेल, तरच त्या बाईला काम येते असे ती मानत होती.

धाकटीने घरात ताकास तूर लागू दिली नव्हती. पण दोन्हीकडे नखे करून घेणारी बँकेतली एक बाई होती, आणि तिच्या पोटात काही राहत नसे. तिकडे जायच्या आदल्या दिवशी दुपारी थोरलीने आपले टेबल पुसले, हात टेकायची गादी मांडली, आणि भरल्या दुकानात सांगितले की उद्या म्हणे कोणाला तरी उघड्या हातांनी कुठे जायचे आहे. तर बस, उजव्याचे जेल काढून देते.

धाकटी बसली. हात पुढे केला. थोरलीने ड्रिल मशीनला खरखरीत दाताचे बिट लावले. जाड थर उतरवायला पहिल्यांदा तेच लावतात, धाकटी स्वतःही तेच लावी. पण त्या क्षणी तिला ते दात तेवढे दिसले. नखाच्या मुळाशी हे बिट पळभर जास्त टेकले की संपले; गळ्याला नख लावायला एवढेसे पुरते. तिने थोरलीच्या चेहऱ्याकडे पाहिले. तिथे काहीच नव्हते, आणि त्या काहीच नसण्याचीच तिला भीती वाटली.

तिने हात मागे घेतला.

"माझा मी काढीन, ताई."

थोरलीने मशीन बंद केले. "डाव्या हाताने?"

"हो."

"काढ." आणि मग खुर्चीतल्या ग्राहकाकडे वळून, जणू हवापाण्याविषयी सांगावे तशी, "काहींना शत्रूचा उजवा हात नको असतो, स्वतःचा डावा चालतो."

ग्राहक हसली. धाकटी आपले मशीन उचलून आत गेली.

मागच्या खोलीत, मोरीजवळच्या स्टुलावर बसून तिने काम सुरू केले. ग्राहकांना ती जे रोज सांगे, ते सारे तिला पाठ होते: जेल खरवडायचे नाही, ओढायचे तर मुळीच नाही, वरचा थर घासून पातळ करायचा, पापुद्र्याएवढा उरला की थांबायचे, आणि बाकीचे अ‍ॅसिटोनच्या बोळ्याखाली आपोआप मऊ होऊ द्यायचे. सगळे काम थांबण्यात असते. पण रागाला थांबता येत नाही. डाव्या हातातले मशीन नवख्या गड्यासारखे भरकटत होते. तर्जनीच्या मुळाशी चटका बसला. तिने दात ओठांवर रोवले आणि मधल्या बोटाकडे वळली. तिथेही तेच. अनामिकेवर जेलची एक कड उचललेली दिसली, आणि आयुष्यभर दुसऱ्यांना मना केलेली गोष्ट तिने केली: डाव्या अंगठ्याचे नख त्या कडेखाली घातले आणि ओढले. जेल सुटले, आणि त्याच्या पोटाला चिकटून नखाचा पांढरा पापुद्राही आला.

तिन्ही नखांच्या मुळाशी लालसर पट्टे उमटले होते. तिने बोटे नळाखाली धरली. पाणी गार होते, तरी झोंबले.

दुसऱ्या दिवशी मालकिणीने तिला खिडकीपाशी बसवले. बाईचे केस पांढरे आणि आखूड होते, चष्मा कपाळावर. तिने आधी डावा हात पाहिला, अंगठ्याने प्रत्येक नख हलकेच दाबले आणि मान डोलावली. मग उजवा घेतला, आणि बराच वेळ सोडला नाही.

"हे कोणी केलं?"

उत्तर धाकटीच्या ओठांवर तयारच होते. इतकी वर्षे ते तिथेच तर राहत होते. "माझ्या जावेने. उजवा हात तीच करते."

मालकिणीने एक फाइल उचलली, डाव्या हातात धरली आणि धाकटीच्या तर्जनीवर, न टेकवता, हवेत फिरवून दाखवली. लाल पट्टा बरोबर त्याच तिरप्या वाटेने गेला होता. समोर बसलेल्या माणसाचा हात तसा कधी जात नाही. मग तिने नखाचा पुढचा भाग दाखवला, मुळापासून टोकाकडे सरकत गेलेला, गेल्या कित्येक महिन्यांचा: गुळगुळीत, सारख्या जाडीचा, ना ओरखडा ना डाग.

"जावेचं काम हे," ती म्हणाली. "डाव्या हाताहूनही उजवं. आणि हे मुळाशी आहे ते कालचं, तुझं."

धाकटीला वर पाहवले नाही.

मालकिणीचा आवाज चढला नाही, पण मऊही झाला नाही. नख वाढून निघते, ती म्हणाली, चार-सहा महिन्यांत हे सगळे कापले जाईल, तेव्हा ये. जागा राहील की नाही, ते सांगता येत नाही. आणि तेव्हाही कोणाच्या नावावर असे खपवायचे असेल तर येऊ नकोस.

परतीच्या वाटेवर धाकटीने उजवा हात खिशात ठेवला होता. जिला तिने इतकी वर्षे पाण्यात पाहिले, तिने या बोटांवर एकदाही सूड उगवला नव्हता. प्रत्येक वेळी हात तिच्या तावडीत होता, दार बंद होते, साक्षीला कोणी नव्हते. या विचाराने तिला हलके वाटायला हवे होते. उलट तो खड्यासारखा टोचत राहिला. शत्रूने आपल्याला शत्रुत्वाचे कारणही धड ठेवू नये, याचा तिला संताप आला.

दुकानात थोरली एकटीच होती. तिने नुसती गादी पुढे सरकवली. धाकटी उभी राहिली. मग बसली, आणि हात खिशातून काढून टेबलावर ठेवला.

थोरलीने दिवा खाली ओढला. तर्जनी, मधले, अनामिका. तिच्या नाकपुड्या फुगल्या.

"माझं नाव सांगितलंस?"

"सांगितलं."

"मानलं तिने?"

"नाही."

थोरली हसली नाही. तिने नखे आखूड कापली, कडा बारीक फाइलने एकाच दिशेने सारख्या केल्या, मुळाशी तेलाचे थेंब सोडले आणि अंगठ्याने जिरवू लागली. हे करताना तिचे तोंड चालू होते, नेहमीसारखेच कडू.

"मी तुझा हात बिघडवीन असं वाटलं तुला? अगं, हे हात बाहेर फिरतात. लोक विचारतात, कोणाचं काम. तुझ्यापायी मी माझं नाव घालवू?" तिने बोट उलटे करून पाहिले. "या तिघांवर आता जेल नाही, मूळ बरं होईपर्यंत. लॅम्पखाली भाजेल. नंतर पातळ थर देईन. रोज इथे बसायचं. भांडी मी घासीन, पाण्याने नख फुगतं. उपकार समजू नकोस."

"मग कशाला करताय?"

"तू इथून जावंस हे तुझ्यापेक्षा मला जास्त हवंय," थोरली म्हणाली. "पण असले हात घेऊन तुला कोण ठेवून घेणार? परत माझ्याच गळ्यात येशील."

धाकटीला हात ओढून घ्यावासा वाटला. तिने तो घेतला नाही. त्या घरातून बाहेर जाणारी एकुलती वाट आता या बाईच्या बोटांखालून, नखाच्या वाढीच्या संथ गतीने जाणार होती.

दारातून शेजारच्या कपड्यांच्या दुकानातली मुलगी डोकावली. दोघींना अशी हातात हात घेऊन बसलेली पाहून तिने हसत विचारले, की आज समेट झाला वाटतं.

"हिला घालवायची तयारी चाललीय," थोरली मान वर न करता म्हणाली.

"हो," धाकटी म्हणाली, आणि उरलेली करंगळी पुढे केली.