घरची टाच

मी विळीचा पाट बोलतोय. लोक नुसतं विळी विळी करतात. पातं काय हवेत उभं राहतं? खाली मी असतो म्हणून त्याचा तोरा!

रत्नागिरीजवळ हातखंबा गावाच्या खालच्या अंगाला भागोजीचं घर. त्याच्या परड्यातला फणस वाऱ्यानं आडवा झाला, त्याचा मी झालो. सुतारानं तासलं, लोहारानं पातं ठोकलं, त्याच्या टोकाला नारळ खवायचे दाते काढले. तेव्हापासून लोकांचा भार सोसतोय नि गप्प बसतोय.

माझ्यावर बसणारी बाई एक पाय मुडपते आणि टाच माझ्या फळीला टेकवते. म्हणून माणसाचं तोंड मला उशिरा कळतं, टाच आधी. सुनांच्या टाचा साध्या. पण भागोजीच्या रक्ताच्या कितीतरी जणींच्या टाचेमागची शीर दोरखंडासारखी. त्याची लेक मथुरा बसली की मला बोचायची.

घराला त्याचा कोण अभिमान! पोरीला हळद लावताना आतेनं तिची टाच चाचपायची, ही त्यांची रीत. जाड लागली की आते ओरडायची, "घरची टाच गो! कातळ चढायला देवानं दिलेली!" मग गूळ वाटायचे. मलाही कौतुकच वाटे. लाकडाला अक्कल ती किती असणार?

भागोजी नांगर धरलेला असताना छातीवर हात ठेवून बसला, तो उठलाच नाही. त्याचा भाऊ मुंबईला गिरणीत तसाच गेला. चाळिशी उलटली की या घरातला पुरुष जायचा. गावच्या राखणदार देवाला कोंबडा कमी पडला, म्हणायचे सगळे. कोंबडे वाढले. पुरुष जायचे ते जातच राहिले.

मग भागोजीच्या मुलाच्या, महिपतच्या, छातीत कळ आली. रत्नागिरीच्या डॉक्टरनं रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल फार, म्हणाला. गोळ्या दिल्या, खोबरं, अंडी, तळण बंद केलं. महिपतची बायको सावित्री घरी आली ती थेट मला उचलून माळ्यावर फेकायला. जणू मीच तिच्या नवऱ्यावर टपलो होतो! माझा एक कोपरा उडाला. कोणी वळून बघितलं नाही.

दोन वर्षं माळ्यावर धूर खात पडलो. खालचं सगळं ऐकू यायचं.

"ही आमटी की खाचरातलं पाणी?"

"आधी जिवंत राहा, मग नावं ठेवा!"

शेजारचा दत्ताराम त्याच गोळ्या घ्यायचा. त्याचं कोलेस्टेरॉल झपाट्यानं उतरलं. महिपतचं जेमतेम हललं. सावित्री पेटली.

"मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन कोलंबी हाणत असाल तुमी!"

"देवाशप्पत नाय गो. पेज नि भाकरी, दुसरं काय तोंडात घेत नाय."

"मग दत्तारामाला गुण येतो कसा? गोळी एकच ना?"

महिपतच्या हातातलं गोळ्यांचं पाकीट नुसतं चुरचुरत राहिलं. खोटं बोलणारा माणूस आवाज चढवतो. हा घाबरला होता. माझंही लाकूड गार पडलं.

पुढच्या खेपेला रत्नागिरीहून आला तो उंबऱ्यातच बसला.

"आज डॉक्टरांनी चप्पल काढायला लावली. टाच दाबून बघितली. बापूस कशानं गेला, चुलता कशानं गेला, सगळं विचारलं. म्हणाले, जेवणाचा दोष थोडा, जन्माचा जास्त. ही कोलेस्टेरॉलची चरबी रक्तातून उचलायला लिव्हरला जणू हात असतात. माझे जन्मापासून निम्मेच चालतात. गोळी त्या हातांनाच कामाला लावते; दत्तारामाचे धड हायत, म्हणून त्याला गोळी लागू पडली. माझ्या रक्ताला ती पुरत नाय. आता दुसरं औषध बघतायत."

"आणि टाच?"

"तीच चरबी गो. शिरेत साठलेली. बापाकडून आलेली."

सावित्री त्याच्या शेजारी उंबऱ्यात बसली. "आपल्या राहीला?"

"येते नायतर नाय. निम्मं निम्मं."

राही म्हणजे त्यांची एकुलती लेक. एकोणीस वर्षांची, लग्न ठरलेलं. मी माळ्यावर गेलो तेव्हा तिची टाच आईसारखी बारीक होती. मी तेवढ्यावर जीव धरून होतो.

सकाळी महिपतनं मला खाली काढलं, पुसलं, खिडकीपाशी ठेवलं. लग्नाच्या तयारीला आलेली मथुरा बघत होती.

"राही, बस जरा."

"नारळ कुठाय, बाबा? आते, तू अशी काय बघतेस?" हसत हसत बसली पोर. पाय मुडपला. टाच टेकली.

बापाचा हात पोचण्याआधी मला कळलं.

महिपतनं शीर दोन बोटांत धरली आणि सोडेचना. मथुरा सवयीनं बोलून गेली, "घरची..." आणि थांबली. स्वतःचे पाय तिनं लुगड्याखाली ओढून घेतले.

"ओढू नको, आक्का," महिपत म्हणाला. "उद्या तूपण चल. तिघांनी उपाशीपोटी जायचं, रक्त द्यायला."

आज ती तिघं पहिल्या एस्टीनं गेलीत. सावित्री चुलीपुढे बसलीय, चूल पेटवलेली नाही. मी खिडकीपाशी तसाच. मला माळ्यावर न्यायचंही कोणाला सुचलं नाही.

बायांनो, पिढ्यान्‌पिढ्या एकच खूण घरात येत असेल, तर गूळ वाटण्याआधी डॉक्टरला दाखवा. मला हवं तर चुलीत घाला. पण त्याआधी ती पोर म्हातारी होऊन, धापा टाकत, शिव्या देत माझ्यावर बसू दे. टाच बोचली तरी चालेल. मी फणसाचा आहे, सोसेन.