मागच्या अंगणातलं कंपाउंड

“तार कंपाउंड तं नवंकोरं दिसून राहिलं. शेजाऱ्याशी वाद हाय काय?” घर बघायला आलेल्या साहेबरावांनी तारेला हात लावत विचारलं.

आमचा एजंट नरसिंग घाईघाईनं म्हणाला, “वाद कशाचा, मालक! सिस्टर बावीस वर्षांपासून इथं राहतेत.”

“तेच तं. बावीस वर्षं न्हाई घातलं, अन् इकायच्या वक्ताला घातलं?”

कपाळ माझं! हे सगळं या नरसिंगचंच डोकं. “हद्द मोकळी दिसली की गिऱ्हाईक भाव पाडतंय, सिस्टर. तार मारा, दोन लाख जादा येतेत.” मी जन्मभर नर्स. मला नाडी कळते, जागेचा भाव नाही. शिवाय जीव थकला होता. गुडघे गेलेले, दोन खोल्या झाडायच्या तर मधे दोनदा बसावं लागायचं. लातूरचं हे घर विकल्याशिवाय नांदेडला लेकीजवळ खोली घेणं जमणार नव्हतं. म्हणून मारली तार.

पण कुठं मारली? रत्नम्माचं आणि माझं घर पाठीला पाठ. मधल्या अंगणातून आम्ही एकमेकींच्या स्वयंपाकघरात जायचो. आमचे हे गेले तेव्हा महिनाभर तिनं माझा गॅस पेटू दिला नाही, दोन्ही वेळचं ताट तिकडून यायचं. तिला सांगायची लाज वाटत होती, म्हणून आज सांगू, उद्या सांगू करत राहिले आणि एका सकाळी खांबच येऊन पडले. ती दारात उभी राहून बघत होती. त्याला आज अकरा दिवस झाले. आमचं बोलणं बंद.

“शेजाऱ्याला इचारल्याबिगर आपण जागा घेत न्हाई,” असं म्हणून साहेबरावांनी तारेवरून हाक मारली, “ओ अम्मा!”

रत्नम्मा पदराला हात पुसत आली. मी मान खाली घातली. ‘मला न विचारता घातलं’ एवढंच ती म्हणाली असती, तरी सौदा तिथंच मोडला असता. आणि ते खोटंही नव्हतं.

“यव्वा, वाद कशाचा?” ती म्हणाली. “मीच घालायला लावलं. माझी शेळी लई वांड, हिची झाडं खायची. आता इकली म्हणा.”

रत्नम्माच्या दारात शेळी कधीच नव्हती.

“बाई कशा हायत?”

“सोनं हाय सोनं.”

साहेबरावांनी संध्याकाळीच इसार दिला. “बघा, झाला का न्हाई कंपाउंडचा फायदा!” नरसिंग खुशीत म्हणाला. मला त्याच्याशी भांडायचंही त्राण नव्हतं.

तो गेल्यावर मी रत्नम्माकडे निघाले. आता गल्लीला वळसा घालून तिच्या पुढच्या दारानं जाणं आलं. चार ठिकाणी थांबत पोचले, कडी वाजवली.

“चुकलं ग माझं,” मी दारातच म्हणाले.

“चुकलं तर चुकलं. इचारली असतीस तर मीच खड्डे खांदू लागले असते,” ती म्हणाली. “ये.”

मी सवयीनं तिच्यामागं स्वयंपाकघराकडे निघाले.

“बस की हितंच,” ती म्हणाली. तिनं पुढच्या खोलीतली खुर्ची ओढली, पदरानं पुसली, आणि पाहुण्यांच्या कपबशीत चहा आणून दिला. मी तो बसून प्यायले.