बाकाचे किती झाले?

मी पावस गावातल्या आत्मारामच्या पडवीतला बाक बोलतोय. पडवीत राहिलं की माणसं ओळखता येतात. उसने मागायला आलेला माझ्या कडेवर टेकतो, परत द्यायला आलेला पाठ टेकून ऐसपैस बसतो. माणसांच्या देण्याघेण्याचं मला पहिल्यापासूनच कुतूहल. त्याला कारण माझीच गोष्ट आहे.

मी मूळचा फणस. आत्मारामच्याच वाडीत, विहिरीच्या वरच्या अंगाला उभा होतो. त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात मुळाखालची माती खचली आणि मी आडवा झालो. आत्माराम बोटीवर खलाशी. तेव्हा तो रजेवर घरी आला होता. माझ्या खोडावरून हात फिरवत तो म्हणाला, "ह्याचा हरीकडनं बाक करून घेऊ."

हरी म्हणजे हरिश्चंद्र सुतार, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. शाळा बुडवून दोघांनी मिळून मारही खाल्लेला. माझ्या फळ्या कापून झाल्या आणि मी त्याच्या कामाच्या खोपीत सुकत पडलो. तिथे मला एक नवल बघायला मिळालं.

एकदा एक अनोळखी माणूस स्टुलाचा भाव विचारायला आला. हरिश्चंद्रने रंधा न थांबवता सांगितलं, "चाळीस रुपये." माणसाने पैसे मोजले, स्टूल उचललं आणि गेला. थोड्या वेळाने शेजारच्या गोदूबाई आल्या. त्यांनाही तसंच स्टूल हवं होतं.

"कितीला रे हरी?"

हरिश्चंद्रचा रंधा थांबला. त्याने कपाळ पुसलं, उगाचच ढलप्या गोळा केल्या. "तुमच्याकडनं काय घ्यायचं काकी? द्या काय ते."

काकींनी वीस रुपये आणि वाळवलेल्या कैरीची पुडीभर आंबोशी दिली. त्या गेल्यावर हरिश्चंद्रची बायको सगुणा बाहेर आली. "लाकूडवाला आंबोशीवर लाकूड देतो काय?" तिने विचारलं. हरिश्चंद्र नुसता हसला.

मी विचारात पडलो. लाकूड तेच, हात तेच, स्टूलही तेच. मग ओळखीचा माणूस आला की भाव कुठे पळून जातो?

यथावकाश माझी पाळी आली. हरिश्चंद्रने मला फार मन लावून घडवलं. सांधे इतके घट्ट बसवले की केसही आत जाऊ नये. पॉलिश झाल्यावर माझा पिवळा रंग असा उजळला की येणारा-जाणारा थांबून बघे. बैलगाडीतून मी ह्या पडवीत आलो. आत्माराम माझ्यावर बसला, उठला, पुन्हा बसला.

"हरी, झकास झालाय. किती झाले बोल."

"लाकूड तुझंच होतं. कसले पैसे?"

"मजुरी आहे की. सांग ना."

"तूच बघ काय ते."

"मला कसं कळणार? तू सांग."

असं बराच वेळ चाललं. शेवटी आत्माराम आत गेला आणि बोटीवरून आणलेलं जपानी घड्याळ त्याने हरिश्चंद्रच्या हातात ठेवलं. हरिश्चंद्रने ते खिशात टाकलं. दोघांनी चहा घेतला, पण गप्पा काही रंगल्या नाहीत. मला वाटलं होतं, व्यवहार झाला की मनं मोकळी होतात. इथे उलटच झालं.

आत्माराम बोटीवर गेला आणि पुढच्या वर्षी परतला. पूर्वी आल्या दिवशी तो हरिश्चंद्रच्या खोपीत जाऊन बसायचा. आता बाजारातून येतानाही वरच्या वाटेने वळसा घालून येऊ लागला. हरिश्चंद्रनेही ह्या पडवीची पायरी सोडली. आत्मारामने मागे नवी खोली बांधायला काढली. दारं-खिडक्यांसाठी त्याच्या मेव्हण्याने सावर्ड्याहून सुतार पाठवला. त्या सुताराने माप घेतलं आणि एका दमात सगळा भाव सांगितला. आत्मारामचा चेहरा असा सैल झाला की जणू डोक्यावरचा भारा उतरला.

मथुरा, त्याची बायको, त्या दिवशी माझ्यावर बसून तांदूळ निवडत होती. "हरीभावजींना का नाय सांगितलं?" तिने विचारलं.

"सांगितलं असतं गं. पण तो तोंडाने पैसे सांगत नाय. कमी दिले तर त्याच्या पोटावर पाय. जास्त दिले तर म्हणेल, बोटीवरचा पैसा दाखवतो. ह्या बाकाचंच बघ. एवढ्या कामाला नुसतं एक घड्याळ! मला त्याच्यासमोर जायची लाज वाटते."

दारं बसली. चांगलीच झाली होती. सावर्ड्याचा सुतार पैसे घेऊन गेला आणि दोन दिवसांनी दुपारी सगुणा आली. ती माझ्या कडेवर टेकली. मी ओळखलं, काहीतरी मागणं आहे.

"वयनी, आमच्याकडनं काय चुकलं काय?"

"नाय गो. असं का विचारतेस?"

"दारं दुसऱ्याकडनं करून घेतलीत. तेव्हापासून हे धड जेवत नाहीत. म्हणतात, आत्म्याला माझं काम पसंत नाय. बाकाचा पाय डुगडुगतो काय ते बघून ये म्हणाले." असं म्हणून तिने खरोखरच मला दोन्ही हातांनी हलवून बघितलं. मी तसूभरही हललो नाही.

मथुराने नवऱ्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. सगुणा बघतच राहिली.

"लाज? अगो, हे तर ते घड्याळ एक दिवसही हातात घालत नाहीत! म्हणतात, बाकाच्या मोलापेक्षा कितीतरी जास्त दिलंन. आता त्याच्याकडे पुढचं काम कुठल्या तोंडाने मागू?"

एकाला वाटत होतं कमी दिलं, दुसऱ्याला वाटत होतं जास्त घेतलं. आणि दोघंही एकमेकांना चुकवत होते! मला बोलता आलं असतं तर केव्हाच ओरडलो असतो.

"मग ह्या बाकाचे झाले तरी किती?" मथुराने विचारलं.

"मजुरी, पॉलिश सगळं धरून अडीचशे. ह्यांना पाठ आहे. तोंडातनं निघत नाय, एवढंच."

अडीचशे! मला वाटायचं, आकडा कळला की मी लहान तरी होईन नाहीतर फुगेन तरी. तसलं काहीच झालं नाही. एकदम हलकं मात्र वाटलं.

आत्माराम दाराआड उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो चपला घालून गेला आणि हरिश्चंद्रला घेऊनच आला. दोघे माझ्यावर बसले.

"हे बाकाचे अडीचशे. आणि घड्याळ माझी भेट, ते कशाच्या बदल्यात नाय," आत्माराम म्हणाला. "आता स्वयंपाकघरात जाळीचं कपाट हवंय. किती घेशील?"

"तूच बघ..."

"मी नाय बघणार. तू बोल."

हरिश्चंद्रच्या कानशिलांवर घाम आला. सगुणा खाकरली. त्याने डोळे मिटले आणि खाडीत उडी टाकावी तसं म्हणाला, "सहाशे."

"सहाशे? दोस्ताला लुटतोस काय रे? साडेपाचशे!"

हरिश्चंद्र क्षणभर गोरामोरा झाला. मग त्याने आत्मारामचं तोंड बघितलं आणि त्याचा खोपीतला भाव सांगायचा आवाज परत आला. "साडेपाचशेत नुसती जाळी मिळेल! कपाट तुझ्या सावर्डेवाल्याकडनं आण!"

आत्माराम इतका हसला की मी मुळापासून हादरलो. मग दोघे असे कडाकडा भांडले की गोदूबाई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. पंचवीस रुपये सुटले आणि सौदा ठरला.

आज एकोणनव्वद साल आहे. माझं पॉलिश उडालंय, एका पायाला वाळवी लागू पाहते आहे. हरिश्चंद्र आता ओळखीच्यांनाही भाव सांगतो. एकदोघे रुसले, बाकीचे पुन्हा पुन्हा येतात. तुमच्यापैकी कुणी मित्राकडून काही घडवून घेणार असाल, तर त्याला आधी मोल विचारा. आणि घडवणारे असाल, तर त्याच्या तोंडाकडे बघून सरळ सांगा. घासाघीस होईल. होऊ द्या.

बरंय, आता निरोप द्या. दगडी गडग्यापलीकडून दोघांचे आवाज येताहेत. बहुतेक चौरंगाच्या भावावरून जुंपली आहे, आणि ह्या खेपेला कोण नमतं ते मला ऐकायचंय.