दक्षिणेचं वळण

ऑस्ट्रेलियात, गुंगालिनच्या ऑफिसात बसून आम्ही आर्क्टिकमधल्या एका तेलाच्या प्लॅटफॉर्मची राखण करतो. हिमनग जवळ येतोय असं दिसलं की तिथल्या बोटीला कळवायचं. बोट त्याला दोर लावून बाजूला ओढते. तिकडे रात्र असते तेव्हा इथे दिवस, म्हणून हे काम आमच्या गळ्यात. माझा नवरा नचिकेत त्याच प्लॅटफॉर्मवर इंजिनियर आहे. हे सगळ्यांना माहीत होतं आणि तेच नडलं.

त्या दुपारी नव्या सॉफ्टवेअरने सांगितलं की हिमनग वाऱ्याबरोबर जाताना डावीकडे झुकेल आणि प्लॅटफॉर्मला चुकवेल. आमचा टीम लीड राघव खूश. त्याने बोटीला थांबायला सांगून टाकलं. मी सॅटेलाइटचा ताजा फोटो उघडला, तर हिमनग उजवीकडे, थेट प्लॅटफॉर्मच्या रोखाने.

"इमेज खराब असेल. नेक्स्ट येऊ दे," राघव म्हणाला. "मंजिरी, नचिकेत तिथे आहे म्हणून तू पॅनिक होतेयस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोच फोटो पुन्हा उघडून बघत बसले, आणि डोक्यात प्रकाश पडला.

"हे सॉफ्टवेअर मुळात कशासाठी बनवलं होतं?"

"अंटार्क्टिकाच्या बोटींसाठी. का?"

"पृथ्वीच्या फिरण्यामुळे दक्षिणेत बर्फ वाऱ्याच्या डावीकडे वळतो, उत्तरेत उजवीकडे. आपण सगळं तिकडे नेलं आणि वळण इथलंच ठेवलं."

त्याचा चेहरा उतरला. तरी म्हणाला, "मॅनेजरचं अप्रूव्हल तरी घेऊ."

"तू घे," म्हणत मी बोटीच्या कॅप्टनला फोन लावला. ओढायला लागा म्हटलं. "यू शुअर?" त्याने विचारलं. मी आवाज ठाम ठेवून हो म्हटलं.

पहिला दोर बर्फावरून निसटला. तिकडे माणसं लाइफबोटींपाशी उभी केली गेली, त्यांत नचिकेतही. दुसरा दोर टिकला. हिमनग रडतखडत बाजूला झाला आणि प्लॅटफॉर्मला मागे टाकून गेला. मी टेबलावर डोकं टेकून रडले.

"बरं झालं नचिकेत तिथे होता," राघव हळूच म्हणाला.

मी चिडून मान वर केली. तिथे आणखी ऐंशी जण होते, त्यांचा जीव काय स्वस्त होता? पण नचिकेत त्या दिवशी घरी असता, तर राघवचं ऐकून मी तो फोटो बंद केला असता.